न घातलेला शर्ट

शेठजी,

उल्हासनगरच्या तुमच्या दुकानात मी नवीनच कामाला लागले होते. एक बाई फ्रॉक परत घेऊन आल्या आणि मी लगेच बिल मागितलं, तर तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत. "बेटा, पहले हँसकर बैठने को बोल. बिल बाद में." त्या बसल्या, फ्रॉक बदलून घेतला, वर दोन परकर घेऊन गेल्या. मी मागे गठ्ठ्यांआड जाऊन रडले, पण शिकले. बदलापुरात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मीही तसंच ठेवलं. नाही आवडलं तर बिनधास्त परत आणा.

लोकांना ते आवडलं, शेठजी. फारच आवडलं. शुक्रवारी घागरा जातो, सोमवारी परत येतो. टॅग सेफ्टी पिननं पुन्हा अडकवलेला, काखेत पावडरचा वास. खरवईच्या नव्या बिल्डिंगमधल्या एक मॅडम हळदीचा डाग पडलेला घागरा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "असाच दिला होता तुम्ही." तोच घागरा घालून त्या नाचताना मी त्यांच्या स्टेटसला पाहिलं होतं. तसं म्हटलं, तर आवाज चढला. "माझे व्हिडिओ कशाला बघता? गुगलवर लिहू का दुकानाबद्दल?" दुकानात इतर गिऱ्हाईक होतं. मी गुपचूप घागरा घेतला. डाग धुऊनही गेला नाही, आणि घाऊकवाला असला माल हातातही धरत नाही. पोटमाळा असल्या कपड्यांनी भरला. शेवटी वांगणीहून कामाला येणाऱ्या ताईंना मला सांगावं लागलं, उद्यापासून येऊ नका. त्यांनी डबा तेवढा उचलला.

आणि मग गेल्या आठवड्यात एक बाई येतात. पिशवीत शर्ट. "ह्यांच्यासाठी नेला होता," एवढंच म्हणतात. मी शर्ट उलगडते, बटणं काढते, कॉलर नाकाशी धरते. मग काखा हुंगते, त्यांच्या देखत. त्या बघत राहतात.

"घातलाच नाही हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "नेला त्याच रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आज तेरावा झाला."

मी पैसे दिले. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या तोवर रस्ता ओलांडून गेल्या होत्या.

तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्याकडे घातलेले कपडे परत आणणारी माणसं येतच नव्हती, की ओळखूनही तुम्ही हसत होतात? ओळखत असाल, तर माझा तुमच्यावर राग आहे. हसायचं कसं ते शिकवलंत. त्यानंतर आत जे साचतं त्याचं काय करायचं, ते नाही.

तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हे पत्र मी कुठे पाठवणार? राहू दे इथेच.

काल एक मुलगी कुर्ता बदलायला आली होती. मी तिला बसायला सांगितलं, हसले. आणि ती फोनमध्ये बघतेय असं पाहून पटकन वास घेतला.