पांढऱ्या नाडीवरचा लाल टाका

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, चष्म्याच्या काचा घासण्यात चाळीस वर्षं आणि घराच्या मागच्या खोलीत ड्रम वाजवून ते रेकॉर्ड करण्यात तीस वर्षं घालवलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून देतो. माझी शुद्ध जागेवर आहे. उजव्या कानाला झांजांचा वरचा आवाज आता येत नाही, पण कानाचा आणि अकलेचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. पत्नीचं मत वेगळं आहे. ते इथे नोंदवत नाही. घाई कसलीच नाही, मी मजेत आहे. पण एक खोटं माझ्या नावावर आहे आणि ते तसंच मागे ठेवून जायची इच्छा नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. यावर कोणी वाद घालू नये. घालायचाच असेल तर तिच्याशीच घालावा, म्हणजे लवकर मिटेल.

कलम २. ड्रमसेट, माइक आणि कॉम्प्युटर मुलीला. आवाज बिघडला की तिने लगेच नवे माइक घ्यायला धावू नये. आधी ड्रमचं पान, म्हणजे ज्यावर काठी पडते ते, नवं चढवावं आणि सगळीकडून सारखं ताणावं. बास ड्रमच्या पोटातली उशी माझी जुनी उशी आहे, ती धुऊ नये. रेकॉर्डिंगच्या वेळी कपड्यांचं कपाट उघडं ठेवावं. कपडे खोलीचा घुमारा पितात. भिंतीवरचे अंड्यांचे पुठ्ठे मात्र काढून टाकावेत. ते मी कोणाचं तरी ऐकून चिकटवले, त्यापायी घराने तीन महिने अंडी खाल्ली, आणि धूळ सोडून त्यांनी काही अडवलं नाही.

कलम ३. शेजारच्या शिक्षिकाबाईंना माझी आरामखुर्ची, मोडलेल्या दुपारच्या झोपेबद्दल.

कलम ४. माझ्या धाकट्या भावाला एक पांढरी नाडी. तिच्या मधोमध लाल दोऱ्याचा टाका आहे. नाडीच का, ते सविस्तर लिहितो.

सुरुवातीची कित्येक वर्षं माझे ड्रम रेकॉर्डिंगमध्ये डबा बडवल्यासारखे यायचे. डोक्यावर दोन माइक, दोन्ही चांगले, तरी स्नेअरचा, म्हणजे गुडघ्यांमधल्या मुख्य ड्रमचा, ठोका पोकळ. एके दुपारी पत्नी शिवणयंत्रावरून उठून आली, दाराशी उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "अहो, तुमची एक बाही आखूड झालीय."

"काय?"

"हा माइक ड्रमच्या जवळ, तो लांब. ठोका एकाला आधी पोचतो, दुसऱ्याला मागाहून. शिवण जुळणार कशी?"

तिने नाडी कापली, बरोबर मध्यावर लाल टाका घातला. टाका स्नेअरच्या मधोमध दाबायचा, एक टोक एका माइकला, दुसरं दुसऱ्याला. दोन्ही टोकं ताठ पोचली की बाह्या सारख्या. त्या दिवशी पहिल्यांदा ठोका छातीत बसला. मग लोक कुठून कुठून गाणी पाठवू लागले आणि मी त्यांवर ड्रम वाजवून परत पाठवू लागलो. आमच्याकडे अजूनही काही बिनसलं की "बाही आखूड" म्हणतात, भाजीत मीठ कमी पडलं तरी.

भावाचा मोठा स्टुडिओ आहे. अकरा वर्षांपूर्वी माझं रेकॉर्डिंग ऐकून तो म्हणाला, "दादा, हा आवाज या खोलीतला नाही. कुठून तरी तयार उचलून चिकटवलायस."

मला चोर म्हणाला. नाडी समोर खिळ्याला टांगलेली होती. दाखवली असती तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण मग करामत माझ्या कानाची नाही, हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "कान लागतो त्याला." पत्नी तिथेच बटणं लावत बसली होती. ती बटणं लावतच राहिली. भाऊ उठून गेला तो परत आला नाही. त्याचा राग मी पचवला, पण तिचं ते गप्प बसणं मला अजून बोचतं. मला स्वतःची लाज वाटते.

कलम ५. म्हणून मुलीने माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगवरची नावं दुरुस्त करावीत. ड्रम: मी. आवाज: माझी पत्नी.

पुरवणी, माझ्या हाताने. वरचा मजकूर आणून देताना टंकलेखक म्हणाला, "ज्याला यातून काही मिळतं, त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही." पत्नी बाद, मुलगी बाद, शिक्षिकाबाई खुर्चीपायी बाद. एक सही टंकलेखकाची, दुसरी कोणाची?

"भाऊजींना बोलवा," पत्नी म्हणाली. "अकरा वर्षं ज्यांना तुमच्याकडून साधा शब्द मिळाला नाही, त्यांच्याहून योग्य माणूस कुठे सापडणार?"

"अगं, त्याला नाडी आहे, कलम चारमध्ये."

"मग ती आत्ताच द्या. मेल्यावरच द्यायची असं कुठे लिहिलंय?"

"हे काय, इथेच लिहिलंय."

"मग खोडा."

मुलीने फोन केला आणि भाऊ आज दुपारी आला. कलम चार त्याने उभ्यानेच वाचलं. मी नाडी त्याच्या हातात दिली. तो स्नेअरपाशी बसला, टाका मधोमध दाबला, टोकं माइकपर्यंत नेली. एक टोक दोन बोटं कमी पडलं. सकाळी झाडताना स्टँडला धक्का लागला होता आणि माझ्या कानाला पत्ताही नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "बाही आखूड आहे."

तिने माइक सरकवला. मी वाजवलं, त्याने रेकॉर्ड केलं आणि डोळे मिटून दोनदा ऐकलं. "याच खोलीतला आहे," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "चुकलो, वहिनी." माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बरोबरच होतं. मीही तिलाच म्हणालो, "मीसुद्धा."

सबब कलम ४ रद्द. माझ्यासाठी पत्नी दुसरी नाडी कापते आहे.

ठिकाण: मागची खोली, कपाट उघडं.
तारीख: १७ मार्च, रविवार.
लिहून देणार: सही.
साक्षीदार पहिला: टंकलेखक. सही.
साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. सही. या मृत्युपत्राने त्याला काहीही मिळत नाही.