आधी ब्रेक बघ

१२ मार्च
ती. आत्यास, सा. न. वि. वि.
मोटरसायकल घेतली! निवृत्त पोस्टमास्तरांची, नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती. आठ दिवस किक मारतेय, पोटरी सुजली, ती मात्र ढिम्म. आमचा कंपाउंडर म्हणतो, नर्सबाईंनी भंगार उचललं.
पण मला ती हवीच. गेल्या महिन्यात टेकडीपलीकडे बाळंतपण होतं. बस चुकली, चालत गेले. पोचेपर्यंत बाळ होऊन गेलेलं, बाई एकटी गारठून पडलेली. दोघं वाचली, पण मला चैन नाही. तिच्या शेजारणीचे दिवस एप्रिलअखेर भरतायत. तू इतकी वर्षं गॅरेज चालवलंस. चार दिवस येतेस का?
तुझी भिंगरी

२० मार्च
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.
गुडघा दुखतो, येणं होणार नाही. आधी ती किक थांबव! नऊ वर्षांचं पेट्रोल नासलेलं असणार. काढून टाक, टाकी धू. कार्बोरेटरमधलं बारीक भोक बुजलं असेल, ते साफ कर. मग प्लग काढून इंजिनाला टेकव आणि किक मारून बघ. ठिणगी निळी पडली तर ठीक, पिवळी पडली तर कळव.
मुलगा म्हणतो, आई, आता स्वस्थ बस. बसते, आणि सूनबाईंचा मिक्सर खोलून ठेवते.
लोभ आहेच, चिडचिड कमी कर.
आत्या

४ एप्रिल
ती. आत्यास सा. न.
ठिणगी पिवळी. इंजिन एकदा खोकलं, धूर सोडला आणि गप्प. मी अशी ओरडले की कंपाउंडर हातातली बाटली टाकून धावत आला. टेकडीपलीकडच्या त्या शेजारणीला काल तपासलं; लवकर मोकळी होईल असं वाटतंय. माझं कशात लक्ष नाही. गुडघ्याचं निमित्त पुरे, ये ना!
भिंगरी

११ एप्रिल
चि. भिंगरीस आशीर्वाद.
निमित्तच आहे ते. घरात कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. गॅरेज मी वयामुळे बंद केलं नाही. एका गवंड्याच्या गाडीचा मागचा ब्रेक जोडताना घाईत नट आवळायचा राहिला. तो उतारावर पडला, मांडीचं हाड मोडलं. गाडीच जुनी होती, असं सगळे म्हणाले. मी गप्प राहिले. तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीला हात लावला नाही.
ठिणगी पिवळी, म्हणजे ती पाडणारे पॉइंट मळलेत. पॉलिश पेपरनं हलके घास. गाडी सुरू होईल. पण लगेच निघू नकोस. आधी दोन्ही ब्रेकचे नट आवळ, मग पुन्हा बघ. तुला घाबरवायचं नाही, तरी थोडी घाबर.
आत्या

२९ एप्रिल
ती. आत्यास सा. न.
सुरू झाली! तिसऱ्या किकला! आणि सोमवारी दुपारी निरोप आला, शेजारणीला कळा लागल्या. बॅग बांधली, गाडी सुरू केली, तुझं लिहिणं आठवलं म्हणून खाली वाकले. मागचा नट बोटानं फिरत होता. आदल्या दिवशी पंक्चर काढायला चाक मीच काढलं होतं. आवळला. सबंध उतार ब्रेक दाबत हळूहळू उतरले, पण वेळेत पोचले. बाळ पायाळू होतं, दीड तास झुंजले. मुलगी झाली, ठणठणीत.
आत्या, तू लिहिलं नसतंस तर मी पोचलेच नसते.
तुझी भिंगरी

५ मे
चि. भिंगरीस आशीर्वाद.
तुझं पत्र हातात घेऊन घरभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी मुलाला सगळं सांगितलं. वाटलं, भडकेल. त्यानं एवढंच विचारलं, तो गवंडी आता नीट चालतो का? मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत मी विचारलंच नाही गं.
आज पत्ता मिळाला. उद्या सकाळी जातेय, एकटीच. दार उघडेल की तोंडावर लावून घेईल, कोण जाणे. काहीही होवो, माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
आत्या