काळ्या शिसवीच्या तीन फळ्या

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे काय कोणाला जावं ते लिहून ठेवत आहे.

एक. दुकान व खोल्या मुलीच्या एकटीच्या नावावर. जावई सज्जन आहेत, पण जागा दिसली की त्यांना भाडेकरू दिसतो.

दोन. करवती, रंधे, पटाश्या पुतण्याला. हात चांगला, पण घाई फार. शिसवीची रेषा मध्येच उलटी फिरते. रंधा रेटला तर तुकडाच उपटून येतो. पटाशीला सारखी धार लावावी. कंटाळा असेल तर हत्यारं विकावीत.

तीन. धाकट्या भावाला काही नाही. त्याने साध्या लाकडाला काळा रंग फासून शिसवी म्हणून विकलं, तेही माझ्या नावावर. खरी शिसवी उचलताच खांद्याला कळते. कापली की आत जांभळट काळ्या रेघा आणि गोडसर वास. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो, म्हणून शिव्या त्याला एकट्याला देऊ नयेत.

चार. माळ्यावरच्या शिसवीच्या तीन फळ्या वाद्यं बनवणाऱ्या एखाद्या कारागिराला फुकट द्याव्यात. हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, वाळवीला दाद देत नाही, आरशासारखं चमकतं. पण काम उघड्यावर, नाकाला फडकं बांधूनच करावं. शिसवीची भुकटी छातीत बसते.

पाच. हे कलम मुलीसाठी.

घासकाम तुझी आई करायची, पॉलिशच्या बंद खोलीत. आधी हातांवर चट्टे उठले, मग धाप. ती म्हणायची, "अहो, जरा खिडकी उघडू का? श्वास पुरत नाही."

मी म्हणायचो, "ओल्या पॉलिशवर धूळ बसेल. एवढी खुर्ची होऊ दे."

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, "ही भुकटी त्यांचा जीव घेईल. आजपासून काम बंद." तेव्हा बारा खुर्च्यांचं काम हातात होतं आणि तिच्यासारखी सफाई दुसऱ्या कोणाच्या हाताला नव्हती. बाहेर येऊन मी तिला म्हणालो, "काही नाही, दमट हवा बाधलीय." तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसली. बारावी खुर्ची झाल्यावर दीड महिन्यात गेली.

अंत्यविधीनंतर तू विचारलंस, "आईने दुखणं माझ्यापासून का लपवलं?" मी म्हणालो, "तिचा स्वभावच तसा." एकोणीस वर्षं तू तिच्यावर रागावून आहेस. तिचा फोटोही तू घरात लावला नाहीस.

तिने काही लपवलं नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला माफ करू नकोस; तो राग फक्त योग्य माणसावर कर.

सही: सुतार

साक्षीदार
१. शेजारचे शिंपी. वाचलं, सही केली.
२. डॉक्टर. लिहिणारे शुद्धीवर आहेत. कलम पाचमधला इशारा मीच दिला होता; तो बाईंना स्वतः द्यायला हवा होता.

स्थळ: पॉलिशची खोली
दिनांक: चौदा मार्च