उलटं दिसलेलं बाळ

४ मार्च
बघितलं! जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि सोनोग्राफीचा प्रोब स्वतःच्याच पोटावर फिरवला. दिवसभर दुसऱ्यांची बाळं तपासायची आणि स्वतःचा विसावा आठवडा लागला की रांगेत थांबायचं — कसं जमावं? खोलीत अर्धा अंधार, मशीनची गुणगुण, जेल कोमट. बाळ तरंगत होतं. बघता बघता माझाही डोळा लागला असता.

मग जठर दिसलं. उजवीकडे! ते डावीकडे असतं. हृदयही भलत्याच बाजूला झुकलेलं. पुन्हा बघितलं. तेच.

५ मार्च
नवऱ्याला सांगितलं नाही. तो शीळ घालत खिडकीला रंग देत होता. दुपारी स्वप्न पडलं — पाण्याखाली आमचंच घर, सगळं सामान उलट्या बाजूला, आणि मी कुठेही न अडखळता फिरतेय. फार छान वाटत होतं. जागी झाले आणि उजवीकडचं जठर आठवलं.

६ मार्च
मोठ्या डॉक्टरबाईंपुढे कबूल केलं. त्यांनी मला झोपवून प्रोब फिरवला. बाईंची हसून हसून पुरेवाट! "अगं वेडे, रोज तू पेशंटच्या शेजारी बसतेस. परवा स्वतः आडवी पडलीस आणि प्रोब उलटा धरलास. जठर आपल्या जागी आहे."

दहा वर्षं हेच काम करते मी! लाजेने मेले.

"आता झोपलीच आहेस तर नीट बघते," म्हणाल्या. पोट, मूत्रपिंडं, पाठीचा कणा — बाईंची बडबड चालू. हृदयापाशी गप्प झाल्या. असं गप्प होणं मी ओळखते. मीही असंच करते.

६ मार्च, संध्याकाळ
हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीय. पोटात आहे तोवर बाळाला काही त्रास नाही. बाहेर येऊन श्वास घेतला की निळं पडेल. बाई म्हणाल्या, "आधी कळलं ते बरं झालं. बाळंतपण हृदयाच्या इस्पितळात करू, आठवड्याभरात ऑपरेशन. बहुतेक मुलं वाचतात."

बहुतेक! किती जणींना मी हा शब्द सहज देऊन टाकलाय.

नवऱ्याला सांगितलं. त्याने ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आत्ता आत मजेत आहे ना ते?"

आहे.

"मग तोवर आपणही राहू की."

वेडा कुठला! त्याच्या रंग लागलेल्या शर्टात तोंड खुपसून खूप रडले.

२१ मे
दुपारभर पडून राहिले. ऊन भिंतीवरून हळूहळू सरकतंय, आतून ढुशा चालू. सगळ्या आया म्हणतात, ये लवकर. मी कुठल्या तोंडाने म्हणू? रहा बाळा. अजून थोडं रहा.

१० जुलै
झालं. एकदाच रडलं आणि लगेच नेलं. मला फक्त टाचा दिसल्या. निळसर.

१६ जुलै
सकाळी आठला ऑपरेशनला नेलं. नवरा शीळ घालत नाही.

१७ जुलै
साडेसहा तास लागले. आज मला आत सोडलं. ओठ लाल आहेत. मी बघितले — लाल!