काकड्याचा सुरेश झाला तेव्हा

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. तुम्हाला जाऊन चार वर्षं होतील आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहायचं काही राहिलंय असं वाटलंच नव्हतं. काल सायवनला जाऊन आले आणि आज सकाळी चहा झाल्याझाल्या कागद घेऊन बसले. जे कळलं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

तुमच्या शाळेच्या पटांगणात काल गावच्या जुन्या गोष्टींचा मेळावा होता. गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी ठरवलेला. प्रत्येक घराने आपली वंशावळ मोठ्या कागदावर लिहून आणायची, घरातली एखादी जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. कोणी आजीची साखळी आणली होती, कोणी मासे धरायचा बांबूचा सापळा, एकाने आजोबांचा तारपा वाजवूनही दाखवला. हेडमास्तरांनी शाळेचं जुनं रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं होतं. तुमचं अक्षर, अण्णा! निळ्या शाईतलं, एकसारखं. मला तिथेच रडू फुटलं.

मला गुरुजींची मुलगी म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. डहाणूहून एसटीने गेले, ठेवणीतली साडी नेसून. मनात जरा तोराही होता, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? गुरुजींबद्दल चार शब्द बोला म्हणाले, आणि मी आपल्या घरची ती ठरलेली गोष्ट सांगितली.

आठवते ना तुम्हाला? मी सात वर्षांची. शाळेला लागून असलेल्या खोलीत आपण राहायचो. तुम्ही नवी मुलं दाखल करून घेत होतात आणि मी तुमच्या टेबलाला रेलून उभी होते. एक बाई मुलाला घेऊन आली. तुम्ही नाव विचारलंत, ती म्हणाली, काकड्या. मी खो खो हसले. काकडी, काकडी म्हणत सुटले. तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून पाहिलंत, पेन हातात धरून जरा वेळ बसलात आणि लिहिलंत, सुरेश. त्या बाईला समजावलंत की पुढे डहाणूच्या हायस्कुलात गेला तर पोरं चिडवतील, त्यापेक्षा आजपासून हा सुरेश.

किती वेळा सांगितली आपण ही गोष्ट! लग्नकार्यात, तुमच्या निरोप समारंभात, तुमच्या तेराव्यालासुद्धा. अण्णांनी पाड्यावरच्या पोरांना चांगली नावं दिली म्हणून. काल माइकवर मी तशीच रंगवून सांगितली. हसायच्या जागी नेहमीसारखी थांबले. कोणी हसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेले, इस्त्रीचा शर्ट. शांतपणे म्हणाले, तो काकड्या मीच.

काकड्या हे त्यांच्या आज्याचं नाव. आजा गेला आणि वर्षाच्या आत हे जन्मले. भगताने तांदळाचे दाणे पाहून सांगितलं की आजाच परत आलाय, म्हणून त्याचं नाव त्याला परत दिलं. त्यांच्याकडे ही रीत आहे. मी विचारलं, मग तुमच्या आईने हे गुरुजींना सांगितलं का नाही? ते म्हणाले, गुरुजींच्या समोर ती काय बोलणार?

शाळेत सुरेश, तलासरीच्या कारखान्यात हजेरीला सुरेश, रेशन कार्डावरही सुरेश. काकड्या म्हणणारी एक आई होती. ती गेल्यावर ती हाकही बंद झाली. त्यांच्या मुलांनी वंशावळीत सुरेशच लिहिलं होतं. आपल्या बापाचं खरं नाव त्यांनी काल पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्या तोंडून, एक गंमत म्हणून.

पुढे ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "आमच्यात दिवस करतात तवा मेलेल्याला नाव घेऊन हाक मारतात, बाय. माना कोनत्या नावान हाक मारतील? सुरेशला तठं कोन वळखील? माझी आयस तर नाय वळखनार. ती सुरेश कदी बोललीच नाय."

मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी माझे हात खाली केले. गुरुजींनी शिकवलं म्हणून नोकरी लागली, माफी कसली मागता, म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी टेबलावरचं स्केचपेन माझ्या हातात दिलं आणि आपल्या घराच्या वंशावळीपाशी मला नेलं. गुरुजींच्या घरातल्या माणसानेच लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सुरेशच्या शेजारी काकड्या लिहिलं. त्यांच्या नातीने ते मोठ्याने वाचलं आणि आजोबांकडे पाहत राहिली.

अण्णा, तुम्ही वाईट नव्हतात. पाड्यापाड्यावर पायी फिरून तुम्ही मुलं शाळेत आणलीत, तापाने फणफणलेल्या पोरांना खांद्यावर घेऊन घरी पोचवलंत. पण एकदा विचारायचं होतं ना, हे नाव कोणाचं म्हणून? आणि हसणाऱ्या मला गप्प करायचं सोडून तुम्ही त्या मुलाचं नाव का बदललंत? मला एक ठेवून दिली असतीत तरी चाललं असतं.

माझं नाव आठवून मला जास्त वाईट वाटतं. पाचवीत मुली मला चिडवायच्या, म्हातारीचं नाव म्हणून. मी घरी येऊन रडले, बदलून द्या म्हणाले. तुम्ही तेव्हा किती कडक झालात! माझ्या आईचं नाव आहे, जीव गेला तरी बदलणार नाही, म्हणालात. एवढं कळत होतं तुम्हाला. मग त्या बाईच्या बाबतीत कसं कळलं नाही?

काल रजिस्टरची पुढची पानं चाळली. रमेश, दिनेश, महेश, एका वर्षी तर तीन सुरेश. सगळे तुमच्या अक्षरात. त्यातल्या कोणकोणाला तुम्ही नाव दिलंत ते आता कोण सांगणार?

ते मीच विचारणार आहे. निवृत्त बाईला वेळच वेळ. दर रविवारी पहिल्या एसटीने जाईन, त्या पानांवरच्या एकेकाचं घर शोधेन आणि आईबापांनी ठेवलेलं नाव विचारून लिहून घेईन. तुमची बाजू मांडत बसणार नाही, तुम्हाला नावंही ठेवणार नाही. झालं ते झालं तसं सांगेन, माझ्या हसण्यासकट.

आणि एक शब्द मी काल काकड्यांच्या मुलाला देऊन आले आहे, तोच तुम्हालाही देते. त्यांचं काही बरंवाईट झालं आणि मी तेव्हा असले, तर मी सायवनला जाईन. त्यांची माणसं हाक मारतील तेव्हा मीही तिथे उभी राहून मारेन, त्यांच्या आईने ठेवलेल्या नावाने.

तुमची,
द्वारका