उशिरा दिसतंय

आबा, आज सांगलीत कॅमेरा घ्यायला गेलो होतो आणि दुकानातल्या बाईशी भांडून आलो. तुमची नात लष्करात अधिकारी होतेय. शनिवारी तिची परेड. पालकांना बसवतात लांब, आणि तिची रांग आमच्यासमोरून जाणार ती जेमतेम अर्धा मिनिट. खांद्याच्या ऑपरेशननंतर जड लेन्स मला उचलत नाही, म्हणून लांबचं ओढून घेणारा हलका कॅमेरा हवा होता. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, त्यामुळे सगळी भिस्त डोळा लावायच्या खिडकीवर. आता त्या खिडकीतही काचेतून थेट दिसत नाही, आत छोटा टीव्हीच असतो. तो चांगला की वाईट हे दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं, आणि तेही आजच.

पारखलं तुमच्याच पद्धतीने. चष्मा लावून चारी कोपरे दिसतात का पाहिलं, शेजारचं चाक फिरवून नंबर जुळवला, समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचली, मग अंधाऱ्या कपाटाकडे वळवून चित्रात मुंग्या येतात का पाहिलं. पहिला कॅमेरा तिथेच बाद झाला. दुसरा सगळ्यात पास. शेवटी रस्त्यावरच्या मोटारसायकली टिपायला गेलो, तर तिन्ही वेळा फोटोत नुसतं मागचं चाक. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "ह्यात चित्र उशिरा येतंय. असला माल गळ्यात मारता व्हय?" ती शांतपणे म्हणाली, "बघू काका, द्या इकडं." डोळा लावला, एकदाच बटण दाबलं. मोटारसायकल बरोब्बर मधोमध, चालवणाऱ्याच्या मिशीसकट. "कॅमेऱ्यात काय न्हाई काका," ती हळू आवाजात म्हणाली, "डोळं तपासून घ्या एकदा."

'द्या इकडं' हे शब्द ऐकले आणि मी थेट माधवनगरच्या त्या लग्नात जाऊन पोचलो, जिथे फोटोचं काम आपल्या स्टुडिओकडे होतं. मंगलाष्टकं चाललेली आहेत. तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून उभे. आधीच्याच आठवड्यात एका बारशाचे फोटो तुमच्याकडून हुकलेले, आणि सगळा मांडव आपल्याकडे बघतोय असं मला वाटतंय. अंतरपाट खाली येतो, तुमचं बटण वाजतं आणि माझा तोल सुटतो. "आवं आबा, दिसतंय का तुमाला? द्या इकडं!" चारचौघांत मी कॅमेरा हिसकावून घेतो. तुम्ही गळ्यातला पट्टा सोडवून देता आणि म्हणता, "दिसतंय रं. जरा उशिरा दिसतंय. पर मी कानानं दाबतो." मला ते म्हातारपणाचं बरळणं वाटलं. तुम्ही मांडवाबाहेर जाऊन बसलात आणि त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाहीत.

कॅमेरा घेतला मी, तोच दुसरा. घरी बायकोने विचारलं, "कसा हाय?" म्हटलं, चांगला आहे, जरा उशिरा दाखवतो. खोटं बोललो. संध्याकाळी फाटकात उभा राहून सराव केला. वळणावर गाडीचा आवाज आला की डोळ्यावर न विसंबता बटण दाबायचं. दहात चार जमले. परेडला बँड असेल, बुटांचा ठेका असेल. पण तिथे दहा संधी नाहीत, एकच आहे. मघाशी बायकोच्या हातात कॅमेरा दिला. तिने पहिल्या झटक्यात उडता बगळा धरला. शनिवारी फोटो तीच काढेल. तिने मागायच्या आत मी पट्टा तिच्या गळ्यात घातला, इतकं तरी जमलं.

पण हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. त्या लग्नाचा रोल मीच धुतला. अंतरपाट अर्धा खाली, हार उचललेले, मुलीची नजर नुकतीच वर आलेली, आणि पापणीचा केस न् केस स्वच्छ. तो फोटो बघून वधूपिता स्टुडिओत येऊन माझी पाठ थोपटत होते, तेव्हा तुम्ही बाजूच्या स्टुलावर बसला होतात. "पोरानं झ्याक काढलाय," एवढंच म्हणालात. मी ती शाबासकी घेतली. आबा, तो फोटो मी कॅमेरा हिसकावायच्या आधीचा होता.