फालानिकोकाका गप्प बसले

सावाई, मंगळवार, ६ मे

ती. सिनापाती आत्यास,
पेनिनाचा वाकून नमस्कार. आधी घडलं ते:

१. शनिवारी तुम्ही आमच्याकडे कथा सांगितलीत. त्यात एक राक्षस झऱ्याचं पाणी चोरून आपल्या डुकरांना पाजतो.
२. रीतीप्रमाणे ऐकणारे प्रत्येक वळणाला ‘आउए’ म्हणत होते. सर्वांत मोठा आवाज मुखिया फालानिकोकाकांचा.
३. राक्षसाने पाणी वळवलं तेव्हा काका गप्प. फक्त तेच.
४. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

खालच्या आळीचं पाणी तुटलंय. जलवाहिनी मी टाकलेली, त्यामुळे बायका विचारतात, शहरात जाऊन पाणी डोंगरावर चढवायला शिकलीस का? काका तर भर सभेत म्हणाले होते की पोरीचं गणित चुकलं. काल मी वर जाऊन पाहिलं. माझ्या नळाला मध्येच एक फाटा फोडलेला आहे आणि तो थेट काकांच्या डुक्करवाड्यात जातो. येत्या शनिवारच्या गावसभेत मी त्यांचं नाव घेणार आहे. तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं का?

तुमची,
पेनिना


आपिया, गुरुवार, ८ मे

चि. पेनिनाबाय,
पोटभर आशीर्वाद. आत्याच्या पत्रातसुद्धा आकडे घालतेस! प्रेमपत्रही असंच लिहिशील आणि तो बिचारा दुसऱ्या मुद्द्यालाच पळून जाईल.

मला काहीही ठाऊक नव्हतं, चर्चची शपथ. इतक्या कादंबऱ्या लिहिल्या, पण खरा राक्षस एकदाही भेटला नाही. खरवडून पाहिलं की कुणाचा तरी काका निघतो. म्हणून तर मी कथेत त्याला शिंगं लावते. उघडा पाडलेला माणूस चवताळतो. शिंगं लावून दिली, तर ती काढून गुपचूप घरी जायची वाट त्याला उरते. आपल्या म्हाताऱ्यांनी राक्षस रचले ते पोरांना भिववायला नाहीत, भाऊबंदांत राहायचं होतं म्हणून. चोराच्या मनात चांदणं असतंच गं, तू कंदील कशाला धरतेस? सभेत आधी त्याला बोलू दे. नाही सुधारला तर खुशाल ओरड.

माया आहेच, पत्रागणिक थोडी वाढवत जा.
सिनापाती


सावाई, सोमवार, १२ मे

ती. आत्यास,
नमस्कार. सभेत मी तोंड मिटून बसले. सोपं नव्हतं. काका उठले आणि म्हणाले, राक्षस आपल्याला वाटेत आडवा आला होता, आपण बायबल उगारून त्याला पिटाळला, आता पाणी येईल. पाणी आलं. मी वर जाऊन पाहिलं, फाटा काढलेला आहे.

खालच्या आळीने आभार म्हणून काकांना एक आख्खं भाजलेलं डुक्कर दिलं. तुमच्या कादंबरीत राक्षसाला मारणारा एक शूर मुखिया हवा, असाही त्यांचा निरोप आहे.

तुमचं म्हणणं खरं ठरलं, पण अर्धंच. काकांना घरी जायची वाट मिळाली. मी मात्र अजून गणित चुकलेलीच आहे, आणि पुढच्या गावची जलवाहिनी मला द्यावी की नाही यावर तिथे खल चालू आहे.

तेव्हा येत्या शनिवारी कथेचा उरलेला भाग सांगायला या. त्यात एक मुलगी घाला, जिने नळ बरोबर टाकला होता. शिंगं कुणालाही लावा, तिला नाव मात्र माझंच द्या. काकांना मी पुढच्या चटईवर बसवते.

येणार की नाही, ते गुरुवार, १५ मेपर्यंत कळवा.

पेनिना